नऊ बाणांचं पोस्टर

“गणितात आता नवीन शोधायचं काय राहिलंय, मॅडम?”

हा प्रश्न मला पालक विचारतात, शेजारीपाजारी विचारतात, स्टाफरूममध्ये इतर विषयांचे सहकारीही विचारतात. त्यात कुचेष्टा नसते. खरोखरच कळत नसतं म्हणून विचारतात. रसायनशास्त्राच्या मुलाने संशोधन केलं म्हटलं की प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. वनस्पतिशास्त्राच्या मुलीने बांधावरच्या तणांचे नमुने गोळा केले, वाळवले, ओळखले, हेही समजतं. पण गणिताच्या मुलीने संशोधन केलं म्हणजे नेमकं काय केलं? गणितं सोडवली? ती तर दहावीपर्यंत सगळ्यांनीच सोडवलेली असतात.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पदवीच्या वर्गांना गणित शिकवते. विद्यार्थ्यांना संशोधनाच्या पोस्टर स्पर्धांना घेऊन जाणं आणि इतर कॉलेजांत परीक्षक म्हणून जाणं, ही दोन्ही कामं मी अनेक वर्षं करते आहे. वरच्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर मला वर्गात किंवा पुस्तकात मिळालं नाही, ते या स्पर्धांच्या सभागृहांत मिळालं. म्हणून ही स्पर्धा काय असते, तिथे गणिताची मुलं काय मांडतात आणि आपण त्यांच्याकडून काय मागायला हवं, हे जरा सविस्तर सांगते.

स्पर्धा असते कशी?

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या संशोधनाची सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे ‘आविष्कार’. राज्यपाल हे विद्यापीठांचे कुलपती, आणि त्यांच्याच पुढाकाराने २००६ पासून ही आंतरविद्यापीठ स्पर्धा भरते. आधी कॉलेजात निवड होते, मग जिल्हा किंवा विभाग, मग विद्यापीठ, आणि शेवटी राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांचे संघ एकत्र येतात. विषयांचे सहा गट असतात: मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला; वाणिज्य, व्यवस्थापन आणि विधी; शुद्ध विज्ञान; शेती आणि पशुसंवर्धन; अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान; वैद्यक आणि औषधनिर्माण. गणित शुद्ध विज्ञानात मोडतं. पदवीचे, पदव्युत्तर आणि त्यापुढचे विद्यार्थी वेगवेगळ्या स्तरांवर उतरतात. पहिली पायरी पोस्टरची. विद्यार्थ्याने आपलं काम एका मोठ्या कागदावर मांडायचं, त्यापाशी उभं राहायचं आणि परीक्षक आले की चार-पाच मिनिटांत सांगायचं. त्यातून निवडलेल्यांना मग व्यासपीठावरून बोलायला मिळतं.

याखेरीज गणित विभागांच्या आपापल्या स्पर्धा असतात. त्या बहुतेक २२ डिसेंबरच्या आसपास होतात. तो श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, आणि २०१२ पासून आपण तो राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळतो. कॉलेजच्या सूचनाफलकावर नोटीस लागते, व्हरांड्यात दोऱ्या बांधल्या जातात आणि दुपारपर्यंत भिंती भरून जातात.

वैज्ञानिक परिषदांमध्ये पोस्टर ही चीज तशी अलीकडची. युरोपातल्या जीवरसायनशास्त्रज्ञांच्या १९६९ सालच्या माद्रिद इथल्या परिषदेत तिची सुरुवात झाल्याचं मानलं जातं. भाषणं इतकी वाढली की सगळ्यांना व्यासपीठ पुरेना, तेव्हा उरलेल्यांनी आपलं काम भिंतीवर लावलं. गणितज्ञांची भिस्त मात्र फळ्यावर आणि खडूवर. सिद्धता ओळीमागून ओळ लिहीत समजावायची, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, त्यामुळे पोस्टर त्यांच्याकडे रुळायला वेळ लागला. आज अमेरिकेत दर वर्षी जानेवारीत भरणाऱ्या जॉइंट मॅथेमॅटिक्स मीटिंग्जमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं पोस्टर सत्र असतं. त्या देशात १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशातून पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात संशोधनाची संधी मिळते, आणि त्या उन्हाळ्यातलं काम पुष्कळदा अशा पोस्टरवर येतं.

आपल्याकडच्या व्हरांड्यात काय दिसतं? बहुतेक भिंतीवर रामानुजन यांचं चित्र, १७२९ ही संख्या, पायचे दशांश, सोनेरी गुणोत्तर आणि सूर्यफूल. अक्षर सुरेख, रंगसंगती छान, मेहनत खरी. पण ही सगळी माहिती आहे, आणि ती आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली आहे. संशोधनाच्या पोस्टरला एक गोष्ट लागते, ती म्हणजे विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रश्न. तो लहान चालेल, साधा चालेल, जगात आधी कोणाला पडलेला असला तरी चालेल. पण त्या मुलीने तो स्वतः विचारलेला हवा आणि त्याचं उत्तर स्वतः शोधलेलं हवं.

एक पोस्टर, जवळून

माझ्याकडे टी.वाय.ला असलेल्या एका मुलीचं पोस्टर सांगते. निफाड तालुक्यातलं कांद्याचं घर, येण्याजाण्यात रोजचे दोन तास एसटीत. सेमिनारसाठी तिने गणितज्ञ द. रा. कापरेकर यांची प्रसिद्ध क्रिया निवडली होती. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहानात लहान करा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच करा. समजा ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर पुन्हा तीच क्रिया केली तर पुन्हा ६१७४. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ ला पोचता.

ही माहिती शेकडो पोस्टरांवर असते. सेमिनार झाल्यावर मी तिला एवढंच विचारलं, “हे कशावरून?” ती म्हणाली, “मॅडम, कॉम्प्युटरवर सगळ्या संख्या तपासता येतात.” येतातच. पण तपासणं आणि कारण सापडणं यांत फरक आहे. मी तिला सांगितलं, चार अंकांचं राहू दे, आधी तीन अंकांचं बघ, आणि कॉम्प्युटर न लावता बघ.

तीन अंकांत ही क्रिया ४९५ वर थांबते. उदाहरणार्थ ६५२: ६५२ वजा २५६ म्हणजे ३९६, मग ९६३ वजा ३६९ म्हणजे ५९४, मग ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५. तिने वहीची पानंच्या पानं अशा वजाबाक्यांनी भरली. मग एक दिवस तास संपल्यावर टेबलापाशी आली आणि म्हणाली, “मॅडम, मधला अंक कामाचाच नाही.”

तिचं म्हणणं असं होतं. समजा तीन अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग आहेत. मोठी संख्या म्हणजे शंभर क, अधिक दहा ख, अधिक ग. लहान संख्या म्हणजे शंभर ग, अधिक दहा ख, अधिक क. वजाबाकीत ख उडून जातो आणि उरतं ९९ गुणिले (क वजा ग). म्हणजे सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकांत किती अंतर आहे, एवढंच महत्त्वाचं. हे अंतर १ ते ९ यांपैकीच काहीतरी असणार. तीन अंकी ९०० संख्या, त्यांतून १११, २२२ अशा सारख्या अंकांच्या नऊ वगळल्या तर राहिल्या ८९१. त्या सगळ्या तपासण्याचं काम एकदम नऊ शक्यतांवर आलं.

पुढची पायरी आणखी देखणी आहे. ९९ ला १ ते ९ ने गुणलं तर येतात ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. यांतल्या प्रत्येकात ९ आहे, म्हणून सगळ्यात मोठा अंक नेहमी ९. सगळ्यात लहान अंक नुसता बघून सांगता येतो. त्यामुळे एका अंतरावरून पुढचं अंतर कोणतं, हे लगेच निघतं. अंतर १ असेल तर पुढे ९ येतं. ९ वरून ८, ८ वरून ७, ७ वरून ६, ६ वरून ५. दोनवरून ८, तीनवरून ७, चारवरून ६. आणि ५ वरून पुन्हा ५.

तिच्या पोस्टरच्या मधोमध हेच होतं: नऊ ठिपके, त्यांच्यात १ ते ९ हे आकडे, आणि प्रत्येक ठिपक्यातून निघणारा एक बाण. गावाच्या सगळ्या पायवाटा जशा पारापाशी येतात तसे सगळे बाण पाचकडे येत होते, आणि पाचचा बाण वळून स्वतःकडेच. पाच म्हणजे ९९ गुणिले ५, म्हणजे ४९५. सगळ्यात लांबचा रस्ता १ वरून सुरू होतो, आणि पहिली वजाबाकी धरून तो सहा पायऱ्यांत संपतो. एवढ्यात सिद्धता पूर्ण. एकही संख्या तपासायची राहिली नाही.

पोस्टरखाली तिने एक पाटी आणि खडू ठेवला होता. वनस्पतिशास्त्राचे एक सर थांबले. त्यांना वाटलं, ही काहीतरी अंकांची जादू असणार, म्हणून त्यांनी मुद्दाम १०० लिहिले. तिने त्यांना आधीच सांगितलं, “सर, शून्यं टाकून द्यायची नाहीत. १०० वजा ००१ म्हणजे ०९९ असंच धरायचं.” सरांनी पुढे ९९० वजा ०९९ केलं, ८९१ आले. मग ७९२, ६९३, ५९४ आणि ४९५. सहा पायऱ्या. सर पाटीकडे बघत होते आणि ती बोट पोस्टरवर ठेवून प्रत्येक पायरीला त्यांचा बाण दाखवत होती: एक, नऊ, आठ, सात, सहा, पाच. शेवटच्या बाणाला सर म्हणाले, “म्हणजे मी दुसरी कोणती संख्या घेतली असती तरी सुटका नव्हती!” गणिताशी संबंध नसलेल्या माणसाने एक पूर्ण सिद्धता उभ्या उभ्या पाहिली आणि ती त्याला पटली. पोस्टरचं यापेक्षा मोठं यश मला माहीत नाही.

“दहाच का?”

पुढच्या फेरीत एका परीक्षकांनी तिला विचारलं, “हे दहाच्या पायात झालं. दहाच का?” आपण संख्या लिहितो त्या दहा अंकांनी, म्हणून जागांची किंमत एकक, दहा, शंभर अशी वाढते. आठच अंक वापरले, ० ते ७, तर जागांची किंमत एक, आठ, चौसष्ट अशी वाढेल. संगणकाच्या विद्यार्थ्यांना हे रोजचं आहे. मग तिथेही अशी एक थांबण्याची संख्या सापडते का?

तिला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. तिने तसं सांगितलं आणि प्रश्न वहीत उतरवून घेतला. मग एसटीत बसून चार, पाच, सहा, सात असे पाये घेत बाण काढत गेली. आठच्या पायात क्रिया ३७४ वर थांबते. सातच्या पायात ती थांबतच नाही: २६४ वरून ३६३, आणि ३६३ वरून पुन्हा २६४, अशी दोन संख्यांत ये-जा करत राहते. तिच्या तक्त्यात सम पाये एका बाजूला गेले आणि विषम पाये दुसऱ्या बाजूला. पाया सम असेल तर पायाच्या निम्मं हे अंतर आलं की क्रिया तिथेच स्थिरावते. पाया विषम असेल तर निम्मं हा पूर्ण आकडाच नसतो, त्यामुळे त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन अंतरांमध्ये ती अडकते. नऊ बाणांची तीच युक्ती कोणत्याही पायाला लावता येते, आणि सिद्धता अर्ध्या पानात मावते.

हा निकाल नवा नाही. तीन अंकी संख्यांच्या या प्रश्नाचा सगळ्या पायांसाठीचा उलगडा अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथलीमध्ये १९८८ साली छापून आलेला आहे. आम्ही तो शोधून काढला, आणि तिने पोस्टरच्या तळाशी स्वच्छ लिहिलं की निकाल आधीपासून ज्ञात आहे, ही सिद्धता मात्र आपण स्वतंत्रपणे केली आहे. विद्यापीठाच्या फेरीपुढे ते पोस्टर गेलं नाही. पण त्या मुलीला त्या वर्षी एक प्रश्न सुचण्यापासून तो सुटण्यापर्यंतचा सगळा रस्ता ठाऊक झाला. आमच्या परीक्षापद्धतीत एवढं कोणत्याही पेपरने तिला दिलं नसतं.

देवळालीचे मास्तर

कापरेकरांचं नाव घेतलं आहे तर त्यांच्याबद्दल सांगायला हवं, कारण विद्यार्थ्याच्या संशोधनाला वेळेवर मिळालेली दाद काय करते, याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. ज्यांच्या नावाचं ते पारितोषिक, ते र. पु. परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले ते पहिले भारतीय.

कापरेकर पुढे प्राध्यापक झाले नाहीत. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवलं. नोकरी सांभाळून ते संख्यांशी खेळत राहिले, परिषदांना जात राहिले. ६१७४ चा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि जगभरचे वाचक ६१७४ करून पाहू लागले. कापरेकर १९८६ साली गेले.

देवळाली आमच्यापासून लांब नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी सांगते, की या माणसाकडे प्रयोगशाळा नव्हती, मोठं ग्रंथालय नव्हतं, संगणक नव्हता. कागद, पेन्सिल आणि प्रश्न विचारण्याची सवय होती, आणि त्या सवयीला विद्यार्थिदशेत एकदा शाबासकी मिळालेली होती. कॉलेजच्या पोस्टर स्पर्धेतल्या प्रमाणपत्राकडे मी म्हणूनच गंभीरपणे बघते. ते ज्या हातात जातं तिथून पुढे काय उगवेल, हे त्या दिवशी कोणालाच दिसत नसतं.

परीक्षकांनी काय बघावं

शुद्ध विज्ञानाच्या गटात गणिताचं पोस्टर रसायन, भौतिक, सूक्ष्मजीवशास्त्र यांच्या शेजारी उभं असतं. एका स्पर्धेत माझ्या विद्यार्थ्याला विचारण्यात आलं, “प्रयोग कुठे आहे? निरीक्षणं किती घेतली? समाजाला उपयोग काय?” विचारणारे आपल्या विषयातले जाणते होते. त्यांच्या तक्त्यात तेच रकाने होते. पण गणिताला त्या रकान्यांतून मोजलं तर हाताशी काहीच लागत नाही. गणितात निरीक्षणं लाखांनी घेतली तरी ती पुरावा ठरत नाहीत.

याचं एक जुनं उदाहरण मी मुलांना नेहमी देते. एखादी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा आणि वर ४१ मिळवा. शून्य घेतलं तर ४१, एक घेतलं तर ४३, दोन घेतले तर ४७. सगळ्या मूळ संख्या. हे ३९ पर्यंत चालतं. ओळीने चाळीस वेळा मूळ संख्या मिळाल्यावर कोणीही म्हणेल की नियम सापडला. पण ४० घेतले की १६८१ येतात, आणि ते ४१ गुणिले ४१. चाळीस निरीक्षणं अनुकूल होती आणि विधान तरीही खोटं होतं. म्हणून गणिताच्या पोस्टरपाशी विचारायचा पहिला प्रश्न, हे कशावरून?

दुसरा प्रश्न, हे तुला कसं सुचलं? ज्याने काम स्वतः केलं आहे तो इथे खुलतो. कुठे अडकलो, कोणतं उदाहरण घेतल्यावर उजेड पडला, हे सांगताना त्याचा हात आपोआप पोस्टरवरच्या त्या जागेकडे जातो. दुसऱ्याकडून करून घेतलेलं काम याच प्रश्नाला उघडं पडतं. आता तर यंत्राकडून पानभर सिद्धता लिहून घेता येते, त्यामुळे या प्रश्नाचं मोल आणखी वाढलं आहे. तिसरा, एक अट काढून टाकली तर काय होतं? सगळे अंक सारखे नकोत, असं म्हटलं आहे, ते का? १११ घेऊन दाखव. आणि चौथा, हे आधी कोणी केलं आहे का, आणि तू ते कसं शोधलंस?

या चौथ्या प्रश्नासाठी आज खेड्यातल्या मुलालाही साधनं हाताशी आहेत. नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवायला घेतलेला संख्याक्रमांचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. आपल्याला सापडलेले पहिले पाच-सहा आकडे तिथे टाकले, तर तो क्रम कोणाला, कुठे भेटला होता ते समोर येतं. नव्या शोधनिबंधांसाठी अर्काइव्ह आहे, तेही फुकट. आणि प्रत्यक्ष शिकायचं असेल तर पुण्यात गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. प्रा. एस. कुमरेशन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली एमटीटीएस या गणित प्रशिक्षण कार्यक्रमाची उन्हाळी शिबिरं आहेत, जिथे मुलांना उत्तरं सांगण्याऐवजी प्रश्न विचारून घाम फोडतात. आमच्या कॉलेजातून तिथे गेलेली मुलं परत येतात तेव्हा वर्गात त्यांचे हात जास्त वेळा वर होतात.

कागदापासून फ्लेक्सपर्यंत

काही गोष्टी केवळ व्यवहाराच्या आहेत, पण त्यांच्यावाचून चांगलं काम वाया जाताना मी पाहिलं आहे. पोस्टरचा आकार पुष्कळ ठिकाणी ए-झिरो असतो, म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर. त्याचं क्षेत्रफळ जवळपास एक चौरस मीटर, आणि बाजूंचं गुणोत्तर दोनच्या वर्गमुळाइतकं. म्हणून तो कागद मधोमध दुमडला तरी आकार तसाच राहतो, आणि दुमडत दुमडत आपला नेहमीचा ए-फोर मिळतो. याचा फायदा घ्यावा. आधी पोस्टर ए-फोरवर छापून बघावं. हातभर अंतरावरून ते वाचता आलं नाही, तर मोठ्या कागदावर दोन मीटरवरूनही वाचता येणार नाही.

छपाई होते तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे. त्याचं दुकान वाढदिवसाच्या आणि निवडणुकीच्या बॅनरांवर चालतं, आणि तो आलेली फाइल सवयीने कोरलड्रॉमध्ये उघडतो. तिथे गणिताचे फॉन्ट नसले की बेरजेच्या चिन्हाच्या जागी चौकोन येतो आणि वर्गमूळ गायब होतं. मी मुलांना बजावून ठेवते: लेटेकमधून पीडीएफ काढा, फॉन्ट त्यातच बसवा, पीडीएफ न उघडता थेट छापायला सांगा आणि छापून होईपर्यंत दुकानात थांबा. चकचकीत फ्लेक्सवर सभागृहातल्या ट्यूबलाइटचा उजेड चमकतो, म्हणून मॅट कागद मिळाला तर उत्तम.

आणि मजकूर कमी ठेवा. २०१९ मध्ये माइक मॉरिसन नावाच्या अमेरिकी संशोधक विद्यार्थ्याने सुचवलं, की पोस्टरच्या मधोमध मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत लिहावा आणि बाकीचं कडेला सारावं. गणिताला हे फार मानवतं. मधोमध एक विधान, त्याखाली एक आकृती, बाजूला पूर्ण सोडवलेलं एक उदाहरण. सिद्धतेचा गाभा असलेली पायरी ठळक, नुसती आकडेमोड बारीक. ‘प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, गृहीतके’ हा साचा दुसऱ्या शास्त्रांतून उचललेला आहे. त्यात गणित कोंबलं की निम्मं पोस्टर रिकाम्या वाक्यांनी भरतं.

विभागांना माझं सांगणं

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथं वर्ष आलं आहे, आणि त्यात संशोधनासह ऑनर्स घेण्याची सोय आहे. म्हणजे ते घेणाऱ्या गणिताच्या विद्यार्थ्याला वर्षभर एखाद्या प्रश्नावर काम करून प्रबंध लिहावा लागणार. तीन वर्षं फक्त सोडवलेली उदाहरणं पाठ करून आलेल्या मुलाला चौथ्या वर्षी एकदम ‘संशोधन कर’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याची तयारी पहिल्या वर्षापासून व्हायला हवी, आणि त्यासाठी पोस्टर स्पर्धेइतकं स्वस्त आणि हाताशी असलेलं साधन दुसरं नाही.

म्हणून माझं सांगणं असं. २२ डिसेंबरच्या नोटिशीत विषयांची यादी देऊ नका. ‘तुमचा प्रश्न, तुम्ही घेतलेली उदाहरणं आणि तुमचं कारण’ एवढंच मागा. नोटीस जुलैमध्ये लावा, म्हणजे मुलांना अडकायला आणि सुटायला वेळ मिळेल. अपुरं काम स्वीकारा. ‘इथपर्यंत आलो, पुढचं जमलं नाही’ असं लिहिणाऱ्या पोस्टरलाही गुण द्या, कारण गणितातलं बहुतेक खरं काम कोणत्याही दिवशी त्याच अवस्थेत असतं. परीक्षकांत निदान एक गणिताचा असू द्या, आणि त्याला प्रत्येक पोस्टरपाशी पुरेसा वेळ द्या.

प्रश्न कुठून आणायचे, असं मला सहकारी विचारतात. कापरेकरांच्याच क्रियेत पाच अंक घेतले तर एक थांबणारी संख्या मिळत नाही, चक्रं मिळतात. ५३९५५ वरून ५९९९४ आणि तिथून परत ५३९५५, हे त्यांतलं एक. मग चार अंकांत, दहा सोडून दुसऱ्या कोणत्या पायात एकच संख्या मिळते? ग्रामपंचायतीच्या अंगणातल्या फरशीची नक्षी कोणत्या सममितीची आहे? एसटीच्या वेळापत्रकातून तालुक्यातली सगळी गावं एका दिवसात फिरता येतील का? यांतला कोणताही प्रश्न पहिल्या वर्षाच्या मुलाला कळतो, आणि कोणत्याहीमागे लागलं की तो बरंच गणित शिकूनच बाहेर पडतो.

वाचकांनाही एक विनंती आहे. तुमच्या गावच्या, शहराच्या कॉलेजात असं प्रदर्शन भरलं तर जरूर जा. गणित सोडून वर्षं झाली म्हणून संकोच करू नका. एखाद्या पोस्टरपाशी थांबा, उभ्या असलेल्या मुलाला किंवा मुलीला म्हणा, “मला समजावून सांग.” आणि ते जे सांगतील त्यातली एक पायरी पकडून विचारा, “हे कशावरून?” त्या मुलांना बक्षिसाइतकीच या प्रश्नाची गरज असते, आणि तो विचारायला गणिताची पदवी लागत नाही.